मला अन्य काही सांगायचे नाही

धुकं इतकं दाट उतरलं होतं की धुलाईघराचं धुराडं कमरेपासून वर नव्हतंच. वाफ बाहेर पडत होती आणि धुक्यात मिसळून जात होती. धुकं कुठे संपतं आणि वाफ कुठे सुरू होते, ते खुद्द बॉयलरवाल्यालाही सांगता आलं नसतं. अशा दिवशी इस्पितळाच्या गच्चीवर हातरुमाल वाळत नाही, मग दोनशे चादरी कुठून वाळणार? एरवी सगळा भार पिळायच्या यंत्रावर पडायचा. पण त्या यंत्राच्या झाकणावर आठ दिवसांपासून कागदाची पट्टी डकवलेली होती, पट्टीवर शिक्का होता आणि शिक्क्यावर सही. म्हणून दोघी बाया समोरासमोर उभ्या राहून चादरी हाताने पिळत होत्या, आणि फरशीवरून पाण्याचा ओघळ जाळीकडे धावत होता.

"अगं, मी उजवीकडे पिळतेय, तू डावीकडे," इस्त्रीवाली म्हणाली. "अशाने पीळ बसतोय की उलगडतोय?"

"हं," अथकाकू म्हणाल्या आणि त्यांनी हात फिरवला.

इस्त्रीवालीने मान वर करून पाहिलं. अथकाकूंनी नुसतं 'हं' म्हणणं ही त्या धुलाईघरात बातमी होती.

कारण या बाईला थोडक्यात बोलणं ठाऊकच नव्हतं. "काकू, साबण आहे का?" एवढं विचारलं तरी हातातली घडी खाली ठेवून त्या म्हणायच्या, "थांब, अथपासून सांगते." मग सोमवारी गाडी आली, ड्रायव्हर नवा होता, त्याला फाटक सापडेना, तो आधी मागच्या बाजूला गेला, तिथे कुत्रं व्यालेलं, असं करत करत पाव तासाने साबणाचं पोतं दिसायला लागायचं. तोवर विचारणारा स्वतः कोठीत जाऊन साबण घेऊन आलेला असायचा. कोठीतला कारकून एकदा वैतागून हात जोडून म्हणाला होता, "बाई, तुम्ही अथपासून इतिपर्यंत सांगता. मला नुसती इति सांगत जा." त्यावर काकू म्हणाल्या, "अथ कळल्याशिवाय इति घेऊन करणार काय, लोणी लावून खाणार?" त्या दिवसापासून त्यांचं नाव अथकाकू पडलं. पगाराच्या कागदावरचं नाव पगार वाटणाऱ्यालाच तेवढं माहीत होतं.

थट्टा सगळे करायचे, पण अडलं की याच बाईकडे यायचे. एकदा वरच्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईची अंगठी चादरीत गेली. रडारड झाली, झडत्या झाल्या, सफाईवालीवर आळ आला. काकूंनी त्या दिवसातलं एकेक गाठोडं कुणी उचललं, कुठे टेकवलं, कुणाशी बोलायला थांबलं, सगळं सांगितलं. तासभर झाला असेल. मध्येच म्हणाल्या, "आणि तेव्हा त्या गाठोड्याला एक अभ्रा बांधायला घेतला होता, कारण सुतळी संपली होती." तो अभ्रा शोधला आणि त्याच्या कोपऱ्यात अंगठी होती. सफाईवाली अजूनही त्यांना जिन्यात भेटली की पदराने डोळे टिपते.

ही खोड कुठून आली, तेही काकू सांगायच्या. सात वर्षांच्या असताना धावत घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं होतं, "भाऊ पडला." एवढंच. पुढचं सांगायला दम उरला नव्हता. आई चुलीवरचं तसंच टाकून जिना उतरायला धावली आणि वरच्या पायरीवरून थेट खाली आली. भावाचं नुसतं ढोपर खरचटलं होतं. आई मात्र जन्मभर पाय ओढत चालली. "अर्धा निरोप माणसाला लंगडं करतो," असं काकू म्हणायच्या, आणि मग तो सगळा निरोप पुन्हा पहिल्यापासून.

आणि आता आठ दिवस ही बाई गप्प होती.

आठ दिवसांपूर्वी धाकटीचा हात यंत्रात गेला. धाकटी म्हणजे धुलाईघरातली सगळ्यात लहान, नोकरीला दोन वर्षं झालेली, घरी आई आणि एक शाळेत जाणारी मुलगी. पिळायच्या यंत्राला झाकण होतं, आणि झाकणाच्या कडेला एक खटका. झाकण बंद झालं की खटका दाबला जायचा आणि आतलं पिंप फिरायचं. झाकण उघडलं की खटका सुटायचा, वीज तुटायची. ज्याने यंत्र बनवलं त्याने शहाणपणाने बनवलं होतं. पण खटक्याची स्प्रिंग ढिली झाली. पिंप जोरात फिरायला लागलं की झाकण थरथरायचं, खटका सुटायचा आणि यंत्र मध्येच थांबायचं. एका भाराला पाच पाच वेळा. तेव्हा कुणीतरी जुन्या चादरीची चिंधी फाडून खटक्यावर बांधली. खटका दाबलेलाच राहिला आणि काम सुरळीत सुरू झालं. मग झाकण उघडं असो की बंद, पिंप फिरायचं. रोज सकाळी चिंधी बांधायची, संध्याकाळी सोडायची. भार पिळून झाला की बटण बंद करून लगेच झाकण उघडायचं आणि पिंप मंदावलं की फिरता फिरताच चादरीचा कोपरा धरून ओढायचा. दोन मिनिटं वाचायची. दिवसाला तीस भार, म्हणजे एक तास.

त्या दिवशी धाकटीने कोपरा धरला तो शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या लांब चादरीचा होता. चादर मनगटाला वेटोळं घालून बसली. बटण बंद होतं असं धाकटी म्हणते, बंद नव्हतं असं मुकादम म्हणतो. इस्त्रीवालीने पळत जाऊन भिंतीवरची मुख्य कळ खाली ओढली. मनगट दोन जागी मोडलं. करंगळी आणि शेजारचं बोट राहतंय की जातंय, ते डॉक्टर अजून सांगत नव्हते.

आणि अथकाकू, ज्यांचं घड्या घालायचं टेबल त्या मुख्य कळीपासून दोन पावलांवर, त्या तेव्हा कुठे होत्या? तिसऱ्या मजल्यावर, नर्सला सहा अभ्रे कमी का आले ते अथपासून सांगत होत्या.

त्याच दिवसापासून त्यांच्या तोंडाला कुलूप लागलं होतं.

आज अकरा वाजता चौकशीत त्यांचा जबाब होता.

सकाळी निघताना नवऱ्याने एक शब्द सांगितला होता. नवरा निवृत्त बसड्रायव्हर, गुडघे गेलेले, दिवसभर खिडकीशी बसून असायचा. बायको सगळ्यांच्या वाटचं बोलते म्हणून असेल, पण एका वेळी एका शब्दापुढे तो कधी जात नसे. काकू पायात चपला घालत होत्या तेव्हा तो म्हणाला, "थोडक्यात."

काकूंनी मान हलवली. त्याचं म्हणणं त्यांना पुरतं कळलं होतं. इस्पितळाच्या मागे कर्मचाऱ्यांच्या खोल्या होत्या, तळमजल्यावरची शेवटची त्यांची. खोली नोकरीबरोबर होती, नोकरी गेली की खोली गेली. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. मग मुलाकडे जायचं ठरलं होतं, पण मुलाचं घर अजून छपराशिवाय उभं होतं.

चादरींचा ढीग अर्ध्यावर आला तेव्हा मुकादम आला. अंगात घडी मोडलेला सदरा, पायात आज बूट. इस्त्रीवालीला त्याने डोळ्यांनीच बाजूला जायला सांगितलं. ती बादली उचलून जाळीजवळ गेली, पण कान इकडेच ठेवून.

"काकू, घाबरायचं नाही," मुकादम म्हणाला. "मी सगळं बघून आलोय. एकच प्रश्न आहे. त्या दिवशी चिंधी कुणी बांधली? तुम्ही बघितलंत ना?"

"बघितलं."

"कुणी बांधली?"

"धाकटीने."

"झालं! खोटं बोलायला तुम्हाला कुणी सांगतंय का? मी तर म्हणतो, खरंच बोला. पण तेवढंच बोला." त्याने बोट वर केलं. "एक वाक्य. तुमचं अथ नको, इति नको. सही करायची, नमस्कार करायचा, बाहेर."

"मग तिचं काय होईल?"

"नियम मोडला असं ठरेल. आपण काय करणार? तिचं वय आहे, दुसरीकडे लागेल कुठेतरी."

"एका हाताने?"

मुकादमाने बुटाच्या टोकाने पाण्याचा ओघळ अडवून पाहिला. पाणी बुटाला वळसा घालून गेलं. "काकू, वही बघितलीय मी," तो हळू आवाजात म्हणाला. "दर सोमवारी यंत्राची तपासणी. खटका कसा आहे? ठीक. सही कुणाची? माझी नाही. चिंधीचं मूळ उकरायला लागलात तर खड्डा कुणाच्या दारात पडेल, ते घरी जाऊन नवऱ्याला विचारा."

तो गेला. इस्त्रीवाली बादली घेऊन परत आली.

"मेला सगळं खरंच बोलतो, तरी ऐकवत नाही," ती पुटपुटली. मग चादरीचं टोक उचलून म्हणाली, "मला आतमध्ये बोलावलं नाही, बरं झालं. माझं नाव घेऊ नकोस बाई. घरात कमावणारी मी एकटी."

"हं," काकू म्हणाल्या.

चौकशीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. एरवी तिथे जुनी कपाटं ठेवायचे. एक टेबल, तीन खुर्च्या, एक खिडकी, आणि खिडकीत पांढऱ्या धुक्याशिवाय काही नाही. टेबलामागे चौकशीच्या बाई बसल्या होत्या, पन्नाशीच्या, चष्मा साखळीला अडकवलेला. शेजारी लेखनिक. टेबलावर एका पाकिटातून काढलेली ती चिंधी ठेवलेली, आणि तिच्याजवळ सोमवारची वही. धुलाईघरात काकूंनी ती चिंधी हजार वेळा हाताळली असेल, पण कोरड्या टेबलावर, कागदांच्या शेजारी ती वेगळीच दिसत होती. मुकादम बाहेर बाकावर होता. दार नीट लागत नव्हतं, फटीतून त्याच्या बुटाचं टोक दिसत होतं.

"बसा," बाई म्हणाल्या. "मला आज अजून चार जणांना भेटायचंय, तेव्हा विचारेन तेवढंच सांगा. किती वर्षं झाली इथे?"

"सव्वीस."

"घटनेच्या वेळी तुम्ही कुठे होतात?"

"वर. तिसऱ्या मजल्यावर."

"म्हणजे प्रत्यक्ष घटना पाहिली नाही. त्या दिवशी सकाळी यंत्राच्या खटक्यावर ही चिंधी कुणी बांधली?"

लेखनिकाचं पेन कागदाला टेकलं. बाहेरचा बूट हलायचा थांबला.

"धाकटीने," काकू म्हणाल्या.

"तुम्ही बांधताना पाहिलं?"

"पाहिलं."

"ठीक आहे." बाईंनी चष्मा काढला. "इतकं नेमकं उत्तर सकाळपासून कुणी दिलं नव्हतं. लिहून घ्या हो, आणि वाचून दाखवा."

लेखनिकाने भराभर लिहिलं. काकू हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. हात पाण्याने सुरकुतलेले, पांढरेफटक. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तीन मिनिटांत काम उरकलं होतं. एकही शब्द खोटा नव्हता. मग छातीवर हे ओलं गाठोडं ठेवल्यासारखं का वाटावं?

लेखनिकाने घसा साफ केला आणि वाचायला लागला. "'मी या इस्पितळाच्या धुलाई विभागात गेली सव्वीस वर्षे काम करीत आहे. घटनेच्या दिवशी सकाळी यंत्राच्या खटक्यावर चिंधी सदर जखमी कर्मचारी हिनेच बांधली. तिला ती बांधताना मी स्वतः पाहिले आहे. मला अन्य काही सांगायचे नाही.' इथे सही."

पेन पुढे आलं. काकूंनी ते घेतलं. पेनाचं टोक कागदावर टेकवलं आणि तसंच राहू दिलं. शाईचा एक ठिपका उमटला, मोठा व्हायला लागला.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"शेवटचं परत वाचा."

"'मला अन्य काही सांगायचे नाही.'"

"हे मी म्हटलं नाही."

लेखनिक हसला. "मावशी, ते सगळ्यांच्या जबाबात असतं. जबाब संपला की ते लिहायचंच असतं. नुसती रीत आहे."

"असेल. पण मी म्हटलं नाही. आधीचं सगळं म्हटलं, हे नाही."

"अहो, अर्थ काय त्याला? तुमचं सांगून झालं, एवढाच अर्थ."

"झालं नाही ना पण!" काकू म्हणाल्या, आणि आठ दिवस अडकलेला आवाज इतका मोठा बाहेर आला की त्या स्वतःच दचकल्या. "बाई, मला सांगायचंय. अथपासून सांगावं लागेल. नाहीतर हे वरचं जे लिहिलंय ना, ते अर्धा निरोप आहे. अर्ध्या निरोपावर मी सही करत नाही."

बाहेर बाक करकरला. दार उघडून मुकादम आत डोकावला. "बाई, यांना सवय आहे, यांचं मनावर घेऊ नका. काकू, उशीर होतोय, वरून चादरींसाठी दोनदा फोन आला."

"तुम्हाला बोलावलेलं नाही," चौकशीच्या बाई म्हणाल्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "किती वेळ लागेल?"

"ते सांगता येत नाही. पण मध्ये तोडू नका. तोडलं तर मला परत पहिल्यापासून यावं लागतं."

लेखनिकाने नवा कागद घेतला, आणि बोटं मोडून घेतली.

"तीन वर्षांपूर्वी," काकूंनी सुरुवात केली, "थंडी अशीच होती. बॉयलर दोन दिवस बंद होता. मळक्या कपड्यांचा ढीग दारापर्यंत आला होता. बॉयलर चालू झाला आणि हे यंत्र थांबायला लागलं. एका भाराला पाच वेळा, मी मोजलं. वरून फोन, चादरी द्या, चादरी द्या. एका पेशंटला उघड्या गादीवर निजवलंय म्हणाले. तेव्हा मी चादर फाडली. तिला आधीच भोक होतं, चांगली फाडली नाही. चार बोटं रुंद पट्टी काढली आणि खटक्यावर बांधली. मी. पहिली चिंधी माझी."

लेखनिकाने मान वर केली. बाईंनी बोटानेच लिहायची खूण केली.

"निरगाठ नाही मारली. सुरगाठ मारली, म्हणजे ओढली की सुटावी. मनात होतं, आजचा दिवस भागवू. संध्याकाळी सोडली. दुसऱ्या दिवशी परत बांधली. मुकादमांना सांगितलं, स्प्रिंग मागवा. ते म्हणाले, मागवतो. महिन्याने परत सांगितलं, म्हणाले, मागवली. पुढच्या वर्षी पुन्हा सांगितलं, म्हणाले, काम चाललंय ना? चाललंय, तर देवाचं नाव घ्या."

"मागणी केली होती मी!" फटीतून आवाज आला. "कागद आहे!"

"आहे," काकू दाराकडे न बघता म्हणाल्या. "तुमच्या टेबलाच्या दुसऱ्या खणात आहे, चहाच्या डब्याखाली. लिहिलात, पण वर नेलाच नाहीत. मी पुसायला फडकं शोधत होते तेव्हा बघितला. डब्याचा गोल डाग पडलाय त्याच्यावर. तेव्हाच मी वर नेऊन द्यायला हवा होता. नाही नेला. तेही लिहा."

बूट दिसेनासा झाला. जिन्यावरून कुणीतरी भराभर उतरल्याचा आवाज आला. बाईंनी लेखनिकाला थांबवलं, बाहेर जाऊन शिपायाला काहीतरी सांगितलं आणि परत येऊन बसल्या. "पुढे."

"दोन वर्षांपूर्वी धाकटी आली. पहिल्या दिवशी तिने विचारलं, मावशी, हे असं का बांधायचं? नव्या माणसाला दिसतं, आपल्याला दिसेनासं होतं. मी तिला म्हटलं, आधी कर, मग कळेल. सगळ्यांना अथपासून सांगणारी मी, पण तिला हे एकच सांगितलं नाही. नुसती गाठ शिकवली. मी डावरी आहे. ती उजवी. तरी ती गाठ डाव्या हाताने मारते, कारण माझ्याकडे बघून शिकली. पिंप फिरत असताना कोपरा धरायलाही मीच शिकवलं. तिचा हात आत गेला, पण त्या हाताला वळण लावलं मी."

खिडकीतलं पांढरं जरासं पातळ झालं होतं, समोरच्या इमारतीची एक कड दिसायला लागली होती.

चौकशीच्या बाईंनी सोमवारची वही पुढे ओढली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. प्रत्येक पानावर एकच अक्षर, एकच सही. ठीक. ठीक. ठीक.

"हे तुमचंच?"

"माझंच."

"तुम्ही इतकं बारीकसारीक सांगणाऱ्या. मग इथे एकच शब्द कसा?"

काकूंनी त्या रकान्यावर बोट ठेवलं. "रकाना केवढासा आहे बघा ना," त्या म्हणाल्या. "त्यात दुसरं काही मावत नव्हतं." मग स्वतःच मान हलवली. "नाही. हे कारण नाही. मावत नव्हतं, तर समासात लिहायचं होतं. मागच्या पानावर लिहायचं होतं. तोंडाने बोललं की वाऱ्यावर जातं, कुणी मला धरत नाही. लिहिलं की राहतं. म्हणून ठीक लिहिलं. दीडशेच्या वर सोमवार झाले असतील. लिहा तुम्ही."

"तुम्हाला कळतंय ना, हे तुमच्याच अंगावर येणार आहे?"

"कळतंय. खोलीसकट कळतंय."

मग त्यांनी उरलेलं सांगितलं. त्या दिवशी धाकटीच्या मुलीला ताप होता आणि तिला लवकर जायचं होतं, भार जास्त होता, चिंधी ओली असल्यामुळे सुरगाठ आवळून बसली होती. मुख्य कळ कुणी ओढली, तेही सांगितलं. "नाव घेऊ नकोस म्हणाली होती," काकू म्हणाल्या, "पण ती नसती तर हात राहिला नसता, हे कुठेतरी लिहिलेलं असायला हवं." आणि सगळ्यात शेवटी, ज्याची त्यांना आठ दिवस लाज वाटत होती, ते सांगितलं. आपण जागेवर का नव्हतो. सहा अभ्रे. तिसरा मजला. "दोन वाक्यांत होण्यासारखं होतं. मी वीस मिनिटं घेतली."

लेखनिकाने नववं पान बाजूला ठेवलं आणि हात झटकला. "वाचून दाखवू?"

"सगळं," काकू म्हणाल्या.

त्याने सगळं वाचलं. दोन ठिकाणी काकूंनी त्याला थांबवलं. एका ठिकाणी त्याने 'अंदाजे पाच वेळा' लिहिलं होतं, ते त्यांनी 'पाच वेळा' करायला लावलं. शेवटी तो अडखळला आणि बाईंकडे बघायला लागला. "ते शेवटचं वाक्य घालू का?"

"विचारा त्यांना."

काकूंनी डोळे मिटून क्षणभर अथपासून इतिपर्यंत सगळं चाचपून पाहिलं, पाटीतले कपडे मोजावेत तसं. "घाला आता," त्या म्हणाल्या.

सही करताना त्यांचं अक्षर वहीतल्यापेक्षा मोठं आलं.

"निकाल पंधरा दिवसांत कळेल," चौकशीच्या बाई उठत म्हणाल्या. "तोवर यंत्राला हात लावायचा नाही, वहीत सही करायची नाही. तुमचं काय ठरेल, मी आज सांगू शकत नाही. खोटी आशा दाखवणार नाही." मग दाराशी थांबून म्हणाल्या, "पण त्या मुलीवर एकटीवर आता काही टाकता येणार नाही. एवढं मी सांगू शकते."

बाहेर बाकावर मुकादम नव्हता. जिन्यात शिपाई भेटला, त्याच्या हातात एक कागद होता आणि कागदावर चहाच्या डब्याचा गोल डाग. त्याने काकूंकडे पाहिलं नाही. संध्याकाळी खिडकीशी बसलेला माणूस एकच शब्द विचारणार होता, "खोली?" आणि त्याचं उत्तर एका शब्दात देण्यासारखं नव्हतं. पण ऐकून घेईल. पस्तीस वर्षं ऐकतोच आहे.

धुलाईघरात इस्त्रीवाली एकटीच एका चादरीशी झटत होती. एक टोक तिने नळाला गुंडाळलं होतं आणि दुसरं हातात धरून पिळत होती. निम्मं पाणी तिच्याच अंगावर.

"अगं किती वेळ! वरून तिसऱ्यांदा फोन आला. मुकादम तोंड पाडून गेला इथून, एक अक्षर बोलला नाही. काय सांगितलंस तू?"

"तुझंही नाव आलंय."

इस्त्रीवालीचे हात थांबले. "मी सांगितलं होतं ना..."

"मुख्य कळ ओढून हात वाचवणारी म्हणून आलंय. नवव्या पानावर."

नळाकडचं टोक सोडवताना इस्त्रीवाली उगाच जास्त वेळ वाकून राहिली. मग तिने ते टोक काकूंच्या हातात दिलं आणि स्वतः मागे सरकत सरकत चादर ताणली. ढिगात अजून सत्तर-ऐंशी तरी होत्या.

"सांग," ती म्हणाली. "अथपासून सांग. चादरी पुष्कळ आहेत."

"तीन वर्षांपूर्वी," काकूंनी सुरुवात केली, "थंडी अशीच होती..."

"उजवीकडे पिळ."

"उजवीकडेच पिळतेय," काकू म्हणाल्या, आणि चादरीतून पाण्याची धार सुटली.